लखीराम गुरुजींचा ब्लूग्रासचा वर्ग

लखीराम राठोड गुरुजींना "माहीत नाही" असं म्हणता येत नव्हतं, यात त्यांचा काही दोष नव्हता. त्यांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये, पहिली ते चौथीच्या पोरांपुढे झाली होती. तिसरीतलं एखादं पोर उठून "गुरुजी, मासे झोपतात का?" विचारतं, तेव्हा "माहीत नाही" म्हणणाऱ्या मास्तरचा वर्ग दुपारच्या सुट्टीपर्यंतसुद्धा त्याच्या हातात राहत नाही. गुरुजी म्हणत, "चांगला प्रश्न हाय, उद्या सांगतो." मग संध्याकाळी पुसदला जाऊन कुणातरी जाणत्याला गाठत आणि दुसऱ्या दिवशी माशाला पापण्याच नसतात, इथून सुरुवात करत. मासे, ग्रहण, विमान, उंटाच्या कुबडात नेमकं काय असतं, सगळं त्यांनी याच पद्धतीने निभावलं होतं. आता ते निवृत्त होऊन पुसदच्या शिक्षक कॉलनीत राहत होते. पद्धत मात्र अजून नोकरीत होती.

त्यांची मुलगी ममता अमेरिकेत टेनेसी नावाच्या राज्यात राहायची. दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येई. सहावीतली नात अर्पिता पडद्यावर यायची, "हाय नाना, हाय नानी" म्हणायची आणि इतक्या चपळाईने नाहीशी व्हायची, की गुरुजींना नातीपेक्षा तिच्या मागचा फ्रिज जास्त ओळखीचा झाला होता. मागच्या वेळी ती आली तेव्हा लहान होती, आणि पूर्ण मुक्काम तिने आईच्या पाठीमागून केला होता. ज्या माणसाने निम्म्या तालुक्याची पोरं बोलती केली, त्याच्या स्वतःच्या नातीने त्याला आजवर एक प्रश्न विचारला नव्हता. गुरुजी हे कुणाला बोलून दाखवत नसत, पण रविवारी दुपारी त्यांना जेवण जात नसे.

आणि सप्टेंबरातल्या एका रविवारी अर्पिता पडद्यावर थांबली. जरा अडखळत, पण मराठीत म्हणाली की ती शाळेच्या ब्लूग्रास बँडमध्ये फिडल वाजवते. मग विचारलं, "नाना, तुम्हाला ब्लूग्रास माहीत आहे?"

पहिला प्रश्न. गुरुजींनी तो चष्मा सावरून, वर्गासमोर उभं राहिल्यासारखा ताठ बसून घेतला. "माहीत हाय," ते म्हणाले. "चांगलं माहीत हाय."

"खरंच? मग तुमचा फेव्हरेट कोण?"

"ते फोनवर सांगायचं नाई. तू डिसेंबरच्या सुट्टीत इकडे आली का समोरासमोर सांगतो."

अर्पिता हसली. तिच्या दातांवर तार बसवली आहे, हे गुरुजींना त्या दिवशी कळलं.

फोन बंद झाल्यावर गुरुजींच्या पत्नी जमनीबाईंनी लसूण सोलता सोलता मान वर केली. "पोरीशी खोटं बोलले तुमी."

"खोटं नाई," गुरुजी म्हणाले. "आगाऊ बोललो."

आता डिसेंबरपर्यंत त्यांना एक काम होतं. ब्लूग्रास म्हणजे काय हे शोधायचं, त्यातले थोर थोर वादक-गायक ऐकायचे, आणि त्यातून एक आवडता निवडायचा. सोपं काम. गुरुजींनी ते कुणाला सांगितलं नसतं तर सोपंच राहिलं असतं.

पण त्यांना फोनवर गाणं शोधता येत नव्हतं, म्हणून ते शेजारच्या रामरावांकडे गेले. रामराव वणीकडच्या कोळसा खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झाले होते. जगातलं कोणतंही काम वर ओळख असल्याशिवाय होत नाही, यावर त्यांची श्रद्धा होती. ब्लूग्रास म्हणजे चाऱ्याचं बियाणं नसून संगीत आहे, हे कळायलाच त्यांना एक चहा लागला. मग म्हणाले, "गुरुजी, तुमी कायले या भानगडीत पडून राह्यले? पोरीले एक झ्याक ड्रेस घ्या, विषय खतम." रामरावांच्या पत्नी विमलताईंचं मत होतं की अमेरिकेतल्या पोरीला नानाने भजन ऐकवावं, म्हणजे तिलाच कळणार नाही आणि तीच प्रश्न विचारायचं बंद करेल. हा सल्ला गुरुजींना विशेष लागला. त्यांना नेमकं हेच तर व्हायला नको होतं.

रामरावांनी फोनवर शोधून दिलं खरं, पण त्यातून अडचण वाढली. थोर ब्लूग्रास कलाकार कोण, याच्या याद्याच याद्या निघाल्या. एकीत वीस नावं, दुसरीत पन्नास, आणि तिसरीत पहिल्या दोन कशा चुकल्या याचं सविस्तर वर्णन. गुरुजींना हे वातावरण ओळखीचं वाटलं. आदर्श शिक्षक पुरस्काराचंही असंच असायचं. त्यांनी याद्या बाजूला ठेवल्या. शाळेत नवीन आल्यावर आधी मुख्याध्यापकांना भेटायचं असतं, म्हणून त्यांनी ज्याच्यापासून हे सुरू झालं तो माणूस शोधला. तो सापडला केंटकी राज्यातला बिल मन्रो. त्याच्या बँडच्या नावावरूनच या संगीताला नाव मिळालेलं. गुरुजींनी डोळे मिटून त्याचं मँडोलिन ऐकलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला काहीही कळलेलं नाही. सगळे एकदम धावत होते, कोण पुढे आणि कोण मागे काही समजत नव्हतं, आणि त्यांत तबला-ढोलक असं काहीच नव्हतं.

एखादी गोष्ट समजत नसेल तर काय करायचं, हे मात्र गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. ती शिकवायला घ्यायची.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर वर्ग सुरू झाला. कॉलनीतली पोरं सतरंजीवर बसली, मध्ये पाण्याच्या टाकीवर ब्लूटूथचा स्पीकर. गुरुजींनी पोरांच्या रांगा केल्या आणि एकेक रांग एकेका वाद्याला वाटून दिली. एक फिडलची, म्हणजे व्हायोलिनचीच, पण इथे ते फिडल. एक मँडोलिनची, एक बँजोची, एक गिटारची. शेवटची डबल बासची, म्हणजे उंच पोरांची, कारण त्यांचं वाद्य माणसाहून उंच असतं आणि उभ्यानेच वाजवतात. आपलं वाद्य पुढे आलं की त्या रांगेने हात वर करायचा. गुरुजींनी सांगितलं, की हे डोंगरातल्या लोकांचं संगीत आहे. काहींचे आजे-पणजे समुद्रापलीकडून फिडल घेऊन आले, आणि बँजो आफ्रिकेतून पकडून नेलेल्या लोकांकडून आला. सगळे गोल उभे राहतात, एकेक जण पाळीपाळीने पुढे येतो, आपलं वाजवतो, मागे सरकतो. "म्हणजे सामुदायिक कवायत," ते म्हणाले. "फक्त हिच्यात कोणी पाय मोजत नाई."

आठवड्याभरात पोरांचे कान तयार झाले. गुरुजींचेही झाले, पण ते त्यांनी जाहीर केलं नाही. प्रगतिपत्रकावर लिहिल्यासारखे शेरे ते पोरांसमोर बोलून दाखवू लागले. बिल मन्रो: नेतृत्वगुण उत्तम, इतरांना दमवतो. अर्ल स्क्रग्स, बँजोवाला: तीन बोटांत दहा बोटांचं काम, अक्षर सुवाच्य. यावर पुढच्या रांगेतली नलू म्हणाली, "गुरुजी, ह्या माणसाची बस सुटून राह्यली का?" गुरुजींनी ते विचारात घेऊन "घाई करतो, पण चुकत नाही" अशी दुरुस्ती केली. ॲलिसन क्राउस: आवाज स्वच्छ, वर्गात शांत बसते. बेला फ्लेक: अति हुशार, दुसऱ्यांच्या विषयात डोकावतो.

मग एके संध्याकाळी व्हर्जिनियाच्या डोंगरातला एक म्हातारा लागला. राल्फ स्टॅन्ली. एकही वाद्य नाही, नुसता आवाज. उंच, कोरडा, मध्येच चिरणारा, आणि आपल्या मर्जीने खाली येणारा. कोणत्याच रांगेला हात वर करता येईना. पोरं गुरुजींकडे पाहू लागली आणि गुरुजी, जिकडे त्यांचं लहानपण गेलं त्या दिग्रसच्या दिशेला पाहत राहिले. हा सूर आपण कुठेतरी ऐकला आहे, लहानपणी, रोज, एवढंच त्यांना कळत होतं. कुठे, ते आठवेना. त्या दिवशी शेरा दिला गेला नाही.

इकडे कॉलनीत वर्गाचे परिणाम दिसायला लागले होते. पोरं जेवताना ताटावर बँजो वाजवू लागली. रामरावांचा नातू कपिल देवघरातल्या घंटीपासून विमलताईंच्या झाऱ्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर बोटांचा सराव करी, आणि आरती चालू असताना कुणी पुढे आलं की हात वर करी. शेवटी रामराव तक्रार घेऊन गच्चीवर आले. त्या वेळी हेझल डिकन्स चालू होती. ही बाई वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाच्या मुलखातली, खाणीत काम करणाऱ्यांच्या घरातली, आणि गाणीही खाणीचीच गायची. गुरुजींनी एवढं सांगताच रामराव तक्रार विसरून टाकीला टेकले. गाणं संपल्यावर बराच वेळ नाक शिंकरून म्हणाले, "गुरुजी, हे आपल्यातली हाय. हिले पहिला नंबर द्या."

गुरुजींनी निकाल दबावाखाली लागणार नाही असं सांगितलं. पण त्या क्षणापासून ब्लूग्रास रामरावांचं झालं, आणि तिथेच गुरुजींच्या हातून सूत्रं गेली. अमेरिकेतून कलाकार मुलगी येत असताना कॉलनीने गप्प बसायचं म्हणजे काय, असा सवाल करून रामरावांनी स्वागत समिती काढली. अर्पिताच्या फिडलवादनाचा जाहीर कार्यक्रम ठरला. गुरुजी हादरले. पडद्यावरून क्षणात पळणारी पोरगी, तिला मंचावर? त्यांनी परोपरीने समजावलं. रामराव म्हणाले, "लाजते? लाजू द्या न. हारतुरे पडले का लाज जाते. मी रिटायर झालो तवा मीही लाजलो होतो." रामरावांचा निरोप समारंभ ज्यांनी पाहिला होता त्यांना तसं काही आठवत नव्हतं.

लाउडस्पीकरसाठी दिग्रसच्या हिरासिंगला बोलावलं. डिसेंबर म्हणजे लग्नाचे दिवस. त्याचं सगळं सामान मांडवांत अडकलेलं. उरला होता एक भोंगा आणि एक माईक. रामरावांना हा कॉलनीचा अपमान वाटला. गुरुजींचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी सगळ्यांना उभ्या उभ्या समजावलं, की जुनी पद्धत एकाच माईकची आहे. अजूनही डेल मॅककौरीसारखे मोठे लोक सगळा बँड एका माईकभोवती उभा करतात. ज्याची पाळी तो पुढे येतो, कुणाचं कोपर कुणाला लागत नाही. हिरासिंगने हे ध्यान देऊन ऐकलं. आयुष्यभर ज्या गोष्टीबद्दल त्याने लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, ती अमेरिकेत मान्यवर आहे, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. त्याने भाड्यात सूट दिली.

मग पोलीस स्टेशन. परवानगी देणाऱ्या हवालदाराला कार्यक्रमाचा प्रकार हवा होता. भजन, कीर्तन, ऑर्केस्ट्रा, वाढदिवस की सभा? गुरुजी म्हणाले, ब्लूग्रास. हवालदाराने पेन खाली ठेवून राजकीय तर नाही ना, विचारलं. गुरुजींनी खुर्ची पुढे ओढली आणि केंटकीपासून सुरुवात केली. ते मँडोलिनपर्यंत पोचले तेव्हा हवालदाराने तक्रार द्यायला आलेल्या दोन माणसांना बाकावर बसवलं होतं, आणि बँजोपर्यंत आले तेव्हा त्या दोघांचं आपसात मिटलं. हवालदाराने शेवटी "परदेशी भजन" अशी नोंद केली. शिक्का मारायला हात उचलला, आणि पत्ता वाचून परत खाली ठेवला. कॉलनीच्या मोकळ्या जागेला लागून दवाखाना होता. शांतता क्षेत्र. तिथे देशी भजनही चालत नव्हतं.

"गावाबाहेर करा न गुरुजी," हवालदार म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं. "तुमचा काही तांडा-बिंडा असन."

तांडा होता. दिग्रसपासून थोडा आत, गुरुजी जिथे जन्मले तोच. गुरुजींचे बंजारा पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरले आणि शेवटी तिथे स्थिरावले. आता तिथे कापूस, तूर आणि गुरुजींची थोरली बहीण सुखीबाई होती. तांड्याच्या नायकाची परवानगी घ्यावी लागली. नायकाने एकच विचारलं, जेवण आहे का? आहे म्हटल्यावर तो "करा" म्हणून उठला. गुरुजींनी सगळ्या कारकिर्दीत याहून कार्यक्षम कार्यालय पाहिलं नव्हतं.

ठरलं असं: ममता आणि अर्पिता सकाळी नागपूरला उतरतील, यवतमाळला नातेवाइकांकडे विसावा घेतील आणि संध्याकाळी तांड्यावर येतील. गुरुजी, जमनीबाई, रामराव, विमलताई आणि गच्चीवरचा अख्खा वर्ग सकाळच्या एसटीने दिग्रसला आला. पोरांच्या घरी ही सहल शैक्षणिक असल्याचं सांगितलं होतं. गुरुजींच्या मते ती होतीही. फक्त त्यांचा स्वतःचा अभ्यास अपुरा होता. आवडता कोण, हे अजून ठरलं नव्हतं. पोरगी संध्याकाळी समोर उभी राहून विचारेल, आणि आपण एखादं नाव सांगू, आणि ती एका नजरेत ओळखेल की नाना पाठ करून आले आहेत. मास्तर हे नेहमी ओळखतो. पोरंही ओळखतात. मग पुढच्या रविवारी पडद्यावर पुन्हा नुसता फ्रिज.

दुपारी हिरासिंगने भोंगा कडुलिंबाच्या झाडावर बांधला. त्याने फोन मागितला, काहीतरी लावून आवाज तपासायला. गुरुजींनी फोन दिला. हिरासिंगने जे पहिलं हाताला लागलं ते दाबलं, आणि लिंबावरून राल्फ स्टॅन्ली गायला लागला. वाद्याविना. उंच, कोरडा, चिरत जाणारा सूर तुरीच्या शेतांवरून लांबपर्यंत गेला.

आणि तेव्हा गुरुजींना आठवलं, हा सूर कुठला. पण उशीर झाला होता.

तांड्यात बाया रडतात ते सुरात रडतात. फार दिवसांनी माहेरचं माणूस भेटलं की त्याच्या गळ्यात पडायचं आणि उंच सूर लावून गात रडायचं. कोण कोण गेलं, कुणाचं काय झालं, तू इतके दिवस का आला नाहीस, सगळं त्यात येतं. ते झाल्याशिवाय पाणीसुद्धा विचारत नाहीत. असा सूर तांड्यात उठला, की एक तर कोणी गेलं, नाही तर कोणी आलं. घरात बसून ऐकायची ती गोष्ट नाही.

कापूस वेचणाऱ्या बाया ओट्या तशाच बांधलेल्या ठेवून शेतातून धावत निघाल्या. झोपड्यांतून म्हाताऱ्या निघाल्या. सगळ्यांच्या पुढे सुखीबाई, काठी टेकत. तिला डोळ्यांनी कमी दिसे आणि कानांनी उंच आवाज तेवढे ऐकू येत, आणि हा ऐकू आला होता. "कुण आयो?" ती विचारत होती. "कुण आयो रे भिया?"

कोणी आलं नव्हतं. उभे होते फक्त रामराव, कडक इस्त्रीचा सफारी घालून, स्वागताचा हार हातात धरून. तांड्यात परका, नवा, हारासकट आलेला माणूस तेवढाच. सुखीबाईने काठी टाकली, रामरावांच्या गळ्यात हात घातले आणि सूर लावला.

रामराव आधी ताठ झाले. मग त्यांनी मदतीसाठी इकडे तिकडे पाहिलं. तोवर आणखी चार-पाच जणी येऊन पोचल्या, आणि एकीने एका बाजूने, दुसरीने दुसऱ्या बाजूने त्यांना धरून आपापला सूर मिसळला. वर लिंबावर व्हर्जिनियाचा म्हातारा गातच होता. विमलताई सांगतात की ऑफिसातले मोठे साहेब वारले त्या दिवशीसुद्धा हे रडले नव्हते. पण त्या घोळक्यात रामरावांचा चेहरा हळूहळू वाकडा झाला, हार खाली पडला, आणि वणीच्या ऑफिसातला तो निवृत्त माणूस कुणाच्या नावाने, हे स्वतःलाच न कळता, हुंदके देऊन रडायला लागला.

"बंद कर," गुरुजी हिरासिंगला म्हणत होते. हिरासिंग बंद करायला जाई आणि आवाज आणखी वाढे.

त्याच वेळी तांड्याच्या रस्त्यावर गाडी येऊन थांबली. अर्पिता गाडीतच झोपली होती, म्हणून ममताने तिला यवतमाळला न उठवता सरळ इकडे आणलं होतं.

गुरुजींनी हा क्षण कितीतरी वेळा मनात आखला होता. धुतलेलं धोतर, ओळीत उभी पोरं, आपण पुढे होऊन शांतपणे बोलणार. प्रत्यक्षात त्यांच्या टोपीवर लिंबाचा पाला होता, एका हातात हिरासिंगची वायर, आणि समोर सगळा तांडा एका कोळसा खात्याच्या माणसाला धरून रडत होता. अर्पिता गाडीतून उतरली, पाहिलं, आणि आईच्या पाठीमागे गेली. पाठीवर फिडलची पेटी तेवढी दिसत राहिली.

संपलं, गुरुजींना वाटलं.

मग पाठीमागून एक डोकं बाहेर आलं. त्याने वर झाडाकडे पाहिलं. "हा राल्फ स्टॅन्ली आहे," अर्पिता हळूच म्हणाली, एसटी स्टँडवर गावचं माणूस दिसावं तशी. "नाना, हा तुमचा फेव्हरेट?"

गुरुजींच्या ओठांवर "हो" आला होता. सोपा होता. त्यांनी तो गिळला. "निकाल इतक्यात नाई सांगता येत," ते म्हणाले. "सगळ्यांचं ऐकून झालं. एक पोरगी ऐकायची राह्यली."

अर्पिताने पेटीचा पट्टा घट्ट धरला आणि अर्धं पाऊल मागे घेतलं. घाई केली, गुरुजींनी स्वतःला शेरा दिला. एवढ्यात हिरासिंगला एकदाचं बटण सापडलं. भोंगा गप्प झाला. बायाही एकेक करून थांबल्या, डोळे पुसू लागल्या. सुखीबाई मात्र थांबली नाही. तिला गेलेल्यांपैकी अजून बरेच जण सांगायचे होते. एकटा तिचा सूर तांड्यावर राहिला, वर चढला, चिरला, आपल्या मर्जीने खाली आला.

अर्पिता आईला सोडून पुढे आली. गुरुजींच्या शेजारी उभी राहिली. "ही कोण गाते?"

"माझी मोठी बहीण. गात नाई ती, रडून राह्यली."

"नाही, गाते," अर्पिता म्हणाली. तिने मान तिरकी करून ऐकलं. "नाना, ती कोणत्या सुरात आहे?"

हे गुरुजींना माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, कुणी कधी विचारलंच नव्हतं. सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "चांगला प्रश्न हाय." पुढचे शब्दही तयार होते, उद्या सांगतो. पण ते आले नाहीत. गुरुजी म्हणाले, "तूच काढून सांग मले."

अर्पिताने गाडीच्या बॉनेटवर पेटी उघडली. फिडल हनुवटीखाली धरलं, एक सूर लावून पाहिला, सोडला, दुसरा लावला, जरा घसरवत नेला, आणि तो सुखीबाईच्या सुराखाली जाऊन बसला, खाटेखाली चप्पल सरकवावी इतका सहज.

पोरांतून एक हात वर गेला. "गुरुजी, फिडल," नलू म्हणाली. मग फिडलच्या अख्ख्या रांगेने हात वर केला.

सुखीबाईने मान वळवली. तिला दिसलं किती कोण जाणे. तिने रामरावांना सोडलं, चाचपडत आली, आणि पोरीच्या गळ्यात एक हात टाकून सूर तसाच चालू ठेवला. अर्पिताचं वाजवणारं कोपर अडकलं, तिने ते जरा वर घेतलं आणि वाजवत राहिली. सुखीबाई वर गेली की ती थांबायची, सुखीबाई श्वास घ्यायला थांबली की ती पुढे यायची. हिरासिंग पळत गेला आणि तो एकुलता एक माईक आणून दोघींच्या मध्ये धरला. कसा धरायचा, हे त्याला आता पूर्ण माहीत होतं. गिटार, बँजो, मँडोलिन आणि उंच पोरांच्या रांगांनी थोडा वेळ एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनीच हात वर केले. गुरुजींनी त्यांना चूक दिली नाही.

रात्रीचा कार्यक्रम असा झालाच नाही, सगळे सरळ जेवायला बसले. रामराव म्हाताऱ्यांच्या पंगतीत बसले होते. त्यांना प्रत्येकीने आपापल्या हाताने वाढलं, आणि माहेरचं माणूस म्हणून त्यांनी ते मुकाट्याने खाल्लं. अर्पिता पंगतीत नव्हती. ती सुखीबाईच्या खाटेवर बसली होती, आणि गुरुजी भाकरी घेऊन तिला बोलवायला गेले तेव्हा त्यांना दारातच थांबावं लागलं, कारण आत वर्ग चालू होता.

सुखीबाईने विचारलं होतं, की लिंबावर तो म्हातारा गात होता, तो कोणत्या तांड्याचा? अर्पिता तिला उंच आवाजात व्हर्जिनिया समजावून सांगत होती. डोंगर हातांनी दाखवत होती, कोळशासाठी चुलीकडे बोट करत होती, एखादा शब्द अडला की दुसऱ्या वाटेने जात होती आणि पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. कंटाळत नव्हती. गुरुजींनी भाकरी हातात धरून तो तास शेवटपर्यंत ऐकला.

"लय दूर हाय का?" सुखीबाईने शेवटी विचारलं.

"खूप दूर," अर्पिता म्हणाली.

सुखीबाईने त्यावर विचार केला. "मंग त्याले म्हण, एवढ्या दुरून आला, तसाच नको जाऊ. भाकर खाऊन जाय."

अर्पिताने दाराकडे पाहिलं. "नाना," ती म्हणाली, "एक भाकर जास्त लागेल."